काळी बुरशी (अ‍ॅस्परजिलस नायगर): धोका, स्वच्छता आणि उपयोग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कांदा सोलताना सालीखाली काळी भुकटी लागते, विसरून राहिलेल्या पावावर काळा थर येतो, ओल धरलेल्या भिंतीवर ठिपके उमटतात. या सगळ्यात वारंवार सापडणारी एक बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायगर. तिच्याबद्दल लोक दोन टोकांचे बोलतात. कुणी तिला जीवघेणे विष समजून घर सोडायच्या गोष्टी करतो, तर कुणी त्यावर रंगाचा हात मारून मोकळा होतो. दोन्हीमुळे नुकसान होते. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

ही बुरशी दिसते कशी?

सुरुवातीला ती काळी नसतेच. आधी पांढरी, मऊ लव येते. दोन-तीन दिवसांत ती पिवळसर होते आणि मग वरून गडद तपकिरी ते काळा थर चढतो. साध्या भिंगातून पाहिले तर एकेक उभा दांडा आणि त्याच्या टोकाला गोल काळे डोके स्पष्ट दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर कळते, की ते डोके म्हणजे चारी बाजूंनी फुटलेल्या बीजाणूंच्या माळा आहेत. एकेक बीजाणू साधारण ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खडबडीत कवचाचा. बोट लावले की माळा तुटतात आणि हवेत उडतात. हातावर राहतो तो काळा डाग याच बीजाणूंचा.

काळे असतात ते फक्त बीजाणू. खालचे तंतू रंगहीन असतात. म्हणून प्रयोगशाळेत तिची बशी वरून काळीकुट्ट दिसते आणि उलटी केली तर खालून फिकट. हा काळा रंग येण्यासाठी तिला तांबे लागते. अन्नात तांबे कमी पडले तर बीजाणू पिवळट-तपकिरीच राहतात. पूर्वी जमिनीत पिकाला पुरेल एवढे तांबे आहे का, हे पाहण्यासाठी मातीच्या नमुन्यावर ही बुरशी वाढवून तिचा रंग बघत असत.

भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग हिचाच का?

नाही. न्हाणीघरातल्या टाइल्सच्या फटींत आणि खिडकीच्या रबरावर जे काळे दिसते ते पुष्कळदा क्लॅडोस्पोरियम किंवा ऑरिओबॅसिडियम या दुसऱ्याच बुरश्यांचे असते. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. रंगावरून जात ओळखल्याचा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका.

मग तपासणी करून घ्यावी का?

बहुतेक घरांना गरज नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी घरातल्या बुरशीची नेहमीची तपासणी करायला सांगत नाही, आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. जात कुठलीही निघाली तरी करायचे तेच: ओल थांबवायची आणि बुरशी काढायची. शिवाय हवेत अमुक इतके बीजाणू असले तर सुरक्षित, त्याहून जास्त असले तर धोकादायक, अशी सर्वमान्य पातळी ठरलेली नाही. मग अहवालातला आकडा हातात घेऊन करणार काय? तपासणीवर घालवायचे पैसे गळती बंद करण्यावर घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद रुग्णाचा. डॉक्टरांनी कफाची, कानातल्या स्रावाची किंवा रक्ताची तपासणी सांगितली असेल तर ती जरूर करा, कारण तिथे बुरशीची जात कळल्यावर औषध ठरते.

इंटरनेटवर जिला 'टॉक्सिक ब्लॅक मोल्ड' म्हणतात, ती हीच का?

नाही. ते नाव स्टॅकीबॉट्रिस चार्टारम या बुरशीला चिकटले आहे. तिला सतत भिजलेला कागद, पुठ्ठा किंवा जिप्सम बोर्डावरचा कागदी थर लागतो. ती ओली असताना चिकट असते आणि तिचे बीजाणू सहज उडत नाहीत. तिची भीती पसरली ती अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातून. तिथे १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि बोट या बुरशीकडे दाखवले गेले. पुढे सीडीसीनेच तो अभ्यास पुन्हा तपासला आणि हा संबंध सिद्ध होत नाही, असे २००० मध्ये जाहीर केले. पहिल्या बातमीला पाय फुटले, दुसरी मागेच राहिली. भिजलेल्या घरात बाळाला ठेवावे असा याचा अर्थ मुळीच नाही. ओल आणि बुरशी श्वसनाला वाईटच. फक्त 'काळी म्हणजे विषारी' हे समीकरण चुकीचे आहे.

कोविडच्या काळातला 'काळ्या बुरशीचा' आजार हिच्यामुळे होतो का?

तोही नाही. २०२१ मध्ये ज्याने हाहाकार माजवला तो म्युकरमायकोसिस. तो रायझोपस आणि तिच्या कुळातल्या बुरश्यांमुळे होतो. त्यांचे अ‍ॅस्परजिलसशी जवळचे नाते नाही. त्या आजारातला काळा रंग बुरशीचा नसतो. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर हे तिचे मुख्य वाटाडे होते. भिंतीवर काळे डाग असलेल्या घरातल्या माणसाला त्या डागांमुळे म्युकरमायकोसिस होतो, असे समजू नये.

ही घरात येते कुठून?

ती मातीत असते, कुजणाऱ्या पानांवर असते, धान्य-फळांवर असते आणि हवेत तर कायमच असते. दार उघडले की बीजाणू आत येतात. त्यांना अडवणे अशक्य आहे आणि तशी गरजही नाही. बीजाणू कोरड्या पृष्ठभागावर पडून राहतो. पाणी मिळाले तरच रुजतो. बाकी तिच्या अटी फारच थोड्या: ६ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत ती वाढू शकते, ३५ ते ३७ अंशांना जोमाने फोफावते. आम्लतेच्या बाबतीत तर पीएच १.४ पासून ९.८ पर्यंत तिला चालते. साबण, लाकूड, चामडे, वॉलपेपरची खळ, धुळीचा थर, काहीही तिला पुरते. म्हणजे तापमान, अन्न, आम्लता यांतले काहीच तिला रोखत नाही. आपल्या हातात उरते ते फक्त पाणी.

बीजाणू रोज श्वासातून जातात, मग आपण सगळे आजारी का पडत नाही?

कारण शरीर हे काम रोज निमूटपणे करत असते. नाकातले आणि श्वासनलिकेतले चिकट आवरण बीजाणू पकडते, तिथले सूक्ष्म केस ते वर ढकलतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. जे खोलवर पोहोचतात त्यांना फुप्फुसातल्या भक्षक पेशी खातात. त्यांच्या तावडीतून सुटून एखादा रुजलाच तर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस या तिच्या बहिणीचे बीजाणू आणखी बारीक, २ ते ३ मायक्रॉनचे असतात आणि ते जास्त खोल जातात. माणसातले अ‍ॅस्परजिलसचे गंभीर संसर्ग बहुतांशी त्या फ्युमिगॅटसचेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सर्वांत चिंताजनक बुरश्यांची यादी काढली, तिच्यात सर्वांत वरच्या गटात फ्युमिगॅटस आहे. नायगर त्या यादीत नाही.

मग नेमका धोका कोणाला?

तीन गट वेगवेगळे समजून घ्यायला हवेत, कारण तिघांची गोष्ट वेगळी आहे.

पहिला गट दमा आणि अ‍ॅलर्जी असलेल्यांचा. हा सगळ्यांत मोठा गट, आणि याच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जाते. शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला, रात्री छातीत घरघर. घराबाहेर काही दिवस राहिल्यावर बरे वाटते आणि परतल्यावर पुन्हा सुरू होते, हा नमुना दिसला तर घरातल्या ओलीचा संशय घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत ओल-बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाची लक्षणे आणि दम्याचा त्रास जास्त होतो, असे नोंदवले आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जी देते. त्यामुळे 'औषध मारून' भागत नाही, ती पुसून काढावीच लागते.

दुसरा गट फुप्फुसात जुनी पोकळी असलेल्यांचा. क्षयरोग बरा झाल्यावर काहींच्या फुप्फुसात पोकळी राहते. तिच्यात अ‍ॅस्परजिलसचे तंतू साठून गोळा बनू शकतो. कित्येक वर्षे काही जाणवत नाही, आणि मग एक दिवस खोकल्यातून रक्त येते. पूर्वी क्षयरोग झालेल्या माणसाला असे रक्त आले तर 'क्षय परत आला' असे घरीच ठरवून जुन्या गोळ्या सुरू करू नका. छातीरोगतज्ज्ञांना दाखवा.

तिसरा गट प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा: रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेले, अवयव किंवा अस्थिमज्जा बदललेले, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणारे. यांच्यात बुरशी ऊतींमध्ये घुसते. प्रतिजैविकाला दाद न देणारा ताप, छातीत दुखणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. व्होरिकोनाझोलसारखी औषधे आहेत, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. नायगरच्या फुप्फुसातल्या संसर्गात कधी कधी कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडतात, कारण ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि ते आसपासच्या ऊतींना इजा करते. आम्ल बनवण्याचा तिचा हा गुण पुढे उपयोगांच्या प्रश्नात पुन्हा येईल.

या तिन्ही गटांत न बसणाऱ्या निरोगी माणसाला भिंतीवरच्या डागाने गंभीर संसर्ग होणे फार विरळ.

कानात बुरशी होते, ती हीच का?

हो, आणि निरोगी माणसाला नायगरचा प्रत्यक्ष संसर्ग होण्याची सर्वांत नेहमीची जागा कानच आहे. कानाच्या बुरशीत नायगर आणि कँडिडा ही दोन नावे पुन्हा पुन्हा येतात. कानाची नळी अंधारी, उबदार आणि दमट असते. तिचे रक्षण करतो तो कानातला मळ. तो किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असतो, पाणी आत मुरू देत नाही. आपण कापसाची काडी, हेअरपिन, चावी असे काहीबाही घालून तो खरवडून काढतो, त्वचेला बारीक ओरखडे पाडतो आणि वर अंघोळीचे पाणी आत सोडतो. बुरशीला याहून चांगली सोय कुठे मिळणार?

सुरुवात खाजेने होते. ती साधी नसते, कान उपटून टाकावासा वाटावा अशी असते. मग कानाला दडा बसतो, ऐकू कमी येते, कधी ठणका लागतो, कधी स्राव येतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून पाहतात तेव्हा आत ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखा करडा-पांढरा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजेच बीजाणूंची डोकी.

उपचारातला मुख्य भाग औषध नव्हे, सफाई आहे. तो थर डॉक्टरांनी नीट ओढून काढल्याशिवाय थेंब खालपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यानंतर क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक थेंब काही दिवस ते काही आठवडे चालतात. खाज थांबली म्हणून मध्येच सोडले की ती परतते. घरी पडलेले जुने प्रतिजैविक थेंब घालू नका. ते जिवाणू मारतात, बुरशीला काही करत नाहीत, आणि जिवाणूंची स्पर्धा संपल्यावर ती अधिकच पसरते. तेल, व्हिनेगर, पेरॉक्साइड हेही स्वतःच्या मनाने नको. पडद्याला भोक असेल तर हे सगळे मधल्या कानात उतरते. उपचार चालू असेतो अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि पोहणे बंद.

मधुमेही किंवा वयस्क माणसाचा कान रात्री झोप मोडेल इतका ठणकत असेल, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी वाटत असेल, तर थांबू नका. संसर्ग हाडापर्यंत गेल्याची ती खूण असू शकते.

कांद्यावरची काळी भुकटी धुऊन कांदा खाल्ला तर चालतो का?

चालतो. भुकटी फक्त बाहेरच्या सालीवर किंवा पहिल्या पापुद्र्यावर असेल तर वाहत्या पाण्याखाली धुवा, डागाळलेला पापुद्रा काढून टाका आणि आतला कडक, पांढरा भाग वापरा. आतपर्यंत काळे गेले असेल, कांदा मऊ पडला असेल किंवा वास येत असेल तर टाका. बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्याने असे कांदे सोलूच नयेत, दुसऱ्याला सांगावे.

पाव, फळे, शिजवलेले अन्न?

मऊ आणि ओलसर पदार्थ पूर्ण टाकून द्यायचे: पाव, शिजवलेले अन्न, जॅम, दही, मऊ फळे. वर दिसतो तो फक्त बीजाणूंचा थर, रंगहीन तंतू केव्हाच आत पसरलेले असतात. घट्ट चीज किंवा गाजर-कोबीसारखी कडक भाजी असेल तर डागाभोवती आणि डागाखाली २.५ सेंटिमीटर कापून उरलेली वापरता येते. सुरी डागातून फिरवू नका. शेंगदाणे, बदाम आणि धान्य यांना बुरा लागला असेल तर अजिबात तडजोड नको, कारण तिथे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असण्याची शक्यता असते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते.

नायगरच्या काही मोजक्या वाणांतून ऑक्राटॉक्सिन ए तयार होते, आणि काहींतून फ्युमोनिसिन. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंडाला घातक असून माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले जाते. मनुका, द्राक्षे, कॉफी यांत त्याच्यावर लक्ष ठेवतात, मात्र तिथे नायगरपेक्षा तिची नातेवाईक अ‍ॅस्परजिलस कार्बोनेरियस जास्त दोषी असते. ही विषे घरच्या शिजवण्याने नाहीशी होत नाहीत. 'भाजून घेतले की झाले' हे इथे लागू नाही. आणि बुरा आलाय का हे पाहायला पदार्थ नाकाशी नेऊन हुंगू नका. बीजाणू थेट आत जातात.

भिंतीवरची बुरशी घरी साफ कशी करायची?

साधारण एक चौरस मीटरपर्यंतची जागा असेल तर घरी करता येते. त्याहून मोठी असेल, सांडपाणी शिरल्यामुळे आली असेल किंवा एसीच्या नळ्यांत असेल तर जाणकार माणूस बोलवा. दमेकऱ्याने, लहान मुलांनी, वर सांगितलेल्या तिसऱ्या गटातल्या रुग्णाने त्या वेळी खोलीत थांबू नये.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा. खिडकी उघडी, खोलीचे दार बंद, पंखा बंद. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडायला जाऊ नका. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, कारण कोरड्या घासण्याने बीजाणू सगळ्या घरात पोहोचतात. आधी डागावर साबणाचे किंवा डिटर्जंटचे पाणी हलकेच लावून तो भिजवा, मग घासा, फडक्याने टिपा, फडके पिशवीत बांधून टाका. पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याने पुसा. मग पंखा लावून जागा खडखडीत वाळवा. हे शेवटचे काम अर्धवट राहिले तर आधीचे सगळे वाया.

टाइल, काच, धातू, कडक प्लास्टिक नीट साफ होते. गादी, फोम, गालिचा, फुगलेला जिप्सम बोर्ड, छताला लावलेला मऊ, सच्छिद्र तक्ता यांच्या आत बुरशी गेली तर ती निघत नाही, ते काढून टाकावे लागते. कपडे त्यांना सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. पुस्तके आधी कोरड्या, खेळत्या हवेत पूर्ण वाळू द्या, मगच घराबाहेर मऊ ब्रशने झटका, मास्क लावून. उन्हाबद्दल लोकांना फार भरवसा असतो. ऊन उपयोगी आहे ते मुख्यतः वाळवण्यासाठी. नायगरच्या बीजाणूंवरचे काळे मेलॅनिन त्यांना अतिनील किरणांपासून वाचवते, त्यामुळे तासभर ऊन दाखवून ते मरत नाहीत.

ब्लीच वापरावे का? आणि लिंबू?

ब्लीच कडक पृष्ठभागावर चालते, पण नेहमीच्या घरगुती कामासाठी ते लागतेच असे नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही ते सरसकट सुचवत नाही. प्लास्टर किंवा लाकडात ते खोल शिरत नाही, त्यातले पाणी मात्र शिरते. वापरायचेच असेल तर पातळ करून, खिडक्या उघड्या ठेवून. ब्लीचमध्ये अमोनिया, टॉयलेट क्लीनर किंवा कुठलेही आम्ल कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू बुरशीपेक्षा कितीतरी घातक असतो, बंद न्हाणीघरात तर जिवावर बेतू शकते.

लिंबाचा काही उपयोग नाही. सायट्रिक आम्ल ही बुरशी स्वतःच बनवते, त्याने ती मरणार कशी?

वरून रंग दिला तर?

काही महिन्यांनी पोपडे निघतील आणि खाली ती असेलच.

एअर प्युरिफायरने फरक पडतो का?

हेपा गाळणी चार मायक्रॉनचे बीजाणू सहज पकडते, त्यामुळे दमेकऱ्याच्या खोलीत थोडा आराम मिळू शकतो. पण भिंत ओली असेल तर बीजाणूंचा पुरवठा थांबत नाही. आधी गळती, मग यंत्र.

हिचा काही उपयोगही होतो म्हणतात, ते खरे का?

खरे, आणि तो इतका मोठा आहे की या बुरशीची एरवी होते तेवढी बदनामी मला पटत नाही. सरबताच्या पावडरीत, जॅममध्ये, गोळ्या-चॉकलेटात, विरघळणाऱ्या औषधी गोळ्यांत, कपडे-भांड्यांच्या साबणांत जे सायट्रिक आम्ल असते, ते आज जवळजवळ सगळे नायगरकडून येते. जगाचे वार्षिक उत्पादन वीस लाख टनांच्या पुढे आहे. डब्यावर ते 'ई ३३०' असेही लिहिलेले असते.

कार्ल शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून हे आम्ल वेगळे केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते लिंबांपासूनच काढत, आणि त्या व्यापारावर इटलीची पकड होती. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा विस्कळीत झाला. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले, की भरपूर साखर आणि खूप आम्लधर्मी द्रव दिला तर नायगरचे काही वाण मोठ्या प्रमाणावर सायट्रिक आम्ल सोडतात. १९१९ मध्ये फायझर कंपनीने ब्रुकलिनमध्ये या पद्धतीने उत्पादन सुरू केले. उथळ ताटल्यांत साखरेचा पाक आणि वर बुरशीची साय, असे ते पहिले कारखाने होते.

यातली खुबी अशी, की बुरशीला भरपूर साखर आणि हवा द्यायची, पण मँगनीज जवळजवळ मिळूच द्यायचे नाही. मग तिची पेशींतली घडी बिघडते, साखर पूर्ण जाळून वाढण्याऐवजी ती अर्ध्यावर सोडते, आणि ते अर्धवट राहिलेले म्हणजे सायट्रिक आम्ल. आम्लता पुरेशी ठेवली नाही तर ती ग्लुकोनिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाकडे वळते. रुग्णाच्या फुप्फुसात इजा करणारे आम्ल ते हे ऑक्झॅलिकच. कारखान्यात पीएचवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात ते म्हणूनच.

पेनिसिलीन याच बुरशीतून मिळाले का?

नाही, ते पेनिसिलियमचे. पण नायगरचा त्यात आडून हात आहे. बुरशीला मोठ्या टाक्यांत, हवा सोडत आणि ढवळत, द्रवाच्या पोटात वाढवण्याचे तंत्र फायझरने अशा आम्लांच्या उत्पादनात कमावले होते. दुसऱ्या महायुद्धात तेच कौशल्य पेनिसिलीनसाठी वापरले आणि १९४४ मध्ये ब्रुकलिनच्या कारखान्यातून ते मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले.

बुरशीपासून केलेले सायट्रिक आम्ल खाणे सुरक्षित आहे का?

हो. द्रव गाळून बुरशी वेगळी करतात, चुना घालून आम्लाचा कॅल्शियम सायट्रेट म्हणून साका पाडतात, मग सल्फ्युरिक आम्लाने ते मोकळे करून शुद्ध स्फटिक काढतात. शेवटी उरणारा रेणू लिंबातल्या रेणूसारखाच, त्यात तिळमात्र फरक नाही. दातांच्या आवरणाची झीज हा त्याचा खरा त्रास, आणि तो लिंबानेही होतो.

आणखी कशासाठी वापरतात?

तिची एन्झाइमे हा मोठा खजिना आहे. रक्तातली साखर मोजायच्या अनेक पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असते आणि ते बहुधा नायगरचे असते. रक्ताचा थेंब पडताच ते फक्त ग्लुकोजशीच प्रक्रिया करते आणि यंत्र तेवढीच मोजते. ग्लुकोअमायलेज स्टार्चपासून ग्लुकोज बनवते. पेक्टिनेज फळांचा रस नितळ करते. दूध न पचणाऱ्यांच्या लॅक्टेज गोळ्या, कडधान्यांमुळे होणारे गॅस कमी करणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज, कोंबड्यांच्या खाद्यात धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारे फायटेज, हे सगळे हिच्यापासून काढता येते. मात्र या एन्झाइमांची सुकी पावडर रोज हाताळणाऱ्या कामगारांना तिची अ‍ॅलर्जी होऊन दमा जडू शकतो. तिथे धूळ आवरणे आणि मास्क यांत हयगय चालत नाही.

विज्ञानालाही तिने एक मोलाची गोष्ट दिली. पाश्चर यांचे शिष्य ज्यूल्स रोलँ यांनी १८६९ मध्ये ही बुरशी मोजून-मापून क्षारांवर वाढवली आणि जस्ताशिवाय ती नीट वाढत नाही हे दाखवले. सजीवाला जस्त लागते, याचा तो पहिला पुरावा. आज डॉक्टर जस्ताच्या गोळ्या लिहून देतात, त्यामागच्या शास्त्राचा धागा इथून निघतो.

मग घरातली बुरशी घेऊन काही बनवता येईल का?

अजिबात नको. उद्योगातले वाण वर्षानुवर्षे निवडलेले, विष तयार करतात का हे तपासलेले, बंद टाक्यांत वाढवलेले असतात. तुमच्या पावावरची नायगर ऑक्राटॉक्सिन बनवणारी आहे की नाही, हे पाहून कळत नाही. मुळात ती नायगर आहे का, हेही कळत नाही.

रुग्णाच्या खोलीत कुंड्या ठेवाव्यात का?

केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बदललेल्या माणसाच्या खोलीत ठेवू नयेत. मातीत अ‍ॅस्परजिलस असतेच. इतरांच्या घरात कुंड्या असायला हरकत नाही, फक्त बशीत पाणी साचू देऊ नका.

पुसले तरी त्याच जागी पुन्हा येते. काय करावे?

मग पाणी कुठून येते हे अजून सापडलेले नाही. एक सोपी परीक्षा आहे. भिंत पुसून कोरडी करा, त्यावर वीतभर लांब-रुंद, जाड प्लास्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा चौकोन चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. मग काढून बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले असेल तर ओल भिंतीतून येते: नळाची गळती, बाहेरच्या भिंतीची चीर, वरच्या न्हाणीघराची फट. गवंडी किंवा प्लंबर बोलवायला हवा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर साचते आहे. तिथे भिंत फोडून काही मिळणार नाही. अंघोळ आणि स्वयंपाकाच्या वेळी वाफ बाहेर काढणारा पंखा लावा, कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. आर्द्रतामापक ठेवून हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० टक्क्यांत राहते का ते पाहा. आणि कुठेही पाणी सांडले, शिरले, झिरपले तर ती जागा २४ ते ४८ तासांच्या आत वाळवा. बीजाणू रुजायला साधारण तेवढाच वेळ लागतो.